रोजच्या वाटेवरची मुंबई : तुमचे अनुभव लिहा

गेटवे, राजाबाई टॉवर, राणीचा हार यांच्यावर भरपूर लिहून झालंय. इथे ती मुंबई हवी आहे जिच्यावरून आपण ऑफिस गाठायच्या घाईत पुढे निघून जातो. पडकी भिंत, बुजलेलं तळं, वाडीच्या तोंडाशी उभा असलेला क्रूस, आजीने सांगितलेली हकिकत, काहीही चालेल. अट एकच, स्वतः पाहिलेलं किंवा घरच्यांकडून ऐकलेलं असावं.

सुरुवात माझ्यापासून. धारावीच्या बस डेपोला काळा किल्ला डेपो म्हणतात. किल्ला खरंच तिथे आहे, डेपोच्या मागे, घरांच्या गर्दीत. भिंतीवर इंग्रजी शिलालेख आहे: गव्हर्नर जॉन हॉर्न याच्या हुकमावरून १७३७ साली बांधला. हे साल वाचलं आणि मी तिथेच थबकलो. त्याच वर्षी मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून ठाणे आणि साष्टी घेतली. मिठी नदी ओलांडली की साष्टी. म्हणजे इंग्रजांच्या मुंबईची वेस इथे होती आणि पलीकडच्या काठावर मराठे येऊन ठेपले होते. आज त्याच भिंतीला टेकून संसार चाललेत. जाणार असाल तर आधी शेजारच्यांशी बोला. मला एका काकांनी स्वतः गल्लीतून नेऊन तो शिलालेख दाखवला.

*

माझगावची आहे मी, त्यामुळे राहवलं नाही. आमच्याकडे माथारपाखाडी आहे. लाकडी जिने, नक्षीचे सज्जे, अंगणात क्रूस, आणि दोन मिनिटांवर ट्रकांचा धडधडाट. लोकमान्यांचे सहकारी काका बॅप्टिस्टा इथलेच, पुढे ते मुंबईचे महापौरही झाले. भंडारवाड्याच्या टेकडीवरच्या बागेला त्यांचं नाव आहे, पण तिथे फिरायला येणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ते कोण हे सांगता येतं. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

इथून जवळच एक चिनी देऊळ आहे, सी यप कून. १९१९ चं. गोदीमुळे माझगावात चिनी खलाशांची वस्ती होती, त्यांनी ते बांधलं. बाहेरून साधं घर वाटतं, वरच्या मजल्यावर गेलात की लाल रंग, उदबत्त्यांचा वास आणि क्वान कुंगची मूर्ती. लहानपणी आई मला चिनी नववर्षाला तिथे घेऊन जायची. ते कुटुंब आपलेपणाने सांभाळतंय, तेव्हा फोटो काढायच्या आधी विचारा.

*

चर्चगेटला नोकरी असताना मी रोज भिका बेहराम विहिरीवरून जायचो. १७२५ ची विहीर, समुद्र इतका जवळ आणि तरी पाणी गोडं! पूर्वी तर समुद्र आणखी जवळ होता, भराव नंतर पडले. आत फक्त पारशी बांधवांना प्रवेश आहे, तो मान राखून बाहेरूनच बघायचं.

*

ताई, माझगाव म्हटलं की मला आजी आठवते. १४ एप्रिल १९४४ ला ती मांडवीला माहेरी होती. दुपारी चारनंतर घर हललं, भांडी फळीवरून खाली आली. भूकंप म्हणून सगळे रस्त्यावर धावले, आणि थोड्याच वेळात दुसरा, त्याहून मोठा हादरा. व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन नावाचं जहाज फुटलं होतं. त्यात दारूगोळा, कापसाच्या गाठी आणि सोन्याच्या विटाही होत्या. आजी म्हणायची, जळता कापूस आभाळातून पडत होता आणि जिथे पडेल तिथे आग लागत होती. सोन्याची वीट कुणाच्या छपरातून घरात आली ही गोष्ट सगळे रंगवून सांगतात. आजी कधी सांगायची नाही. ती बंबवाल्यांबद्दल बोलायची. त्या दिवशी अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. भायखळ्याच्या मुख्यालयात त्यांचं स्मारक आहे आणि देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात तो यांच्याच आठवणीत. शाळेत आम्हाला हे कुणी शिकवलं नाही. मी माझ्या मुलांना तिथे नेऊन सांगितलं.

*

लालबाग-परळबद्दल अजून कुणी कसं लिहिलं नाही? वडील गिरणीत साचेखात्यात होते. भोंगा झाला की आमच्या चाळीत चुली पेटायच्या, घड्याळाची गरजच नव्हती. कोकणातून, घाटावरून आलेले लोक गावमंडळाच्या खोलीत पाळीपाळीने झोपायचे: एक पाळी कामावर, दुसरी अंथरुणावर. जेवण खानावळीत, आणि त्या बहुतेक बायांनी चालवलेल्या. रात्री भजन, शक्ती-तुरा, दामोदर हॉलला नाटक. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. वडील परत कामावर गेलेच नाहीत, कारण परत जायला खातंच राहिलं नाही.

आता तिथे टॉवर आणि मॉल आहेत. मधूनच गिरणीची एखादी चिमणी उभी दिसते. पाहुण्यांना मी चिमणी दाखवतो आणि मग परळच्या बीआयटी चाळीकडे घेऊन जातो. डॉ. आंबेडकर १९१२ पासून वीसेक वर्षं तिथे राहिले. महाडचा सत्याग्रह झाला तेव्हा त्यांचा पत्ता हाच होता. कॉमन गॅलरी, ओळीने दारं, आमच्या चाळीसारखीच. त्या गॅलरीत उभं राहिलं की छाती भरून येते, यापेक्षा नीट मला सांगता येत नाही.

*

वांद्र्याच्या जुन्या गावठाणांतून, रनवार, चिंबई वगैरे, चालताना कोपऱ्याकोपऱ्यावर क्रूस दिसतात. त्यातले बरेच १८९६ च्या प्लेगच्या साथीतले. साथ आपल्या वाडीत शिरू नये म्हणून लोकांनी उभारलेले. त्याच साथीत हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली. १८९८ मध्ये शहर सुधारायला बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट (बीआयटी) आला तोही प्लेगमुळेच, आणि वर दादांनी लिहिलेली बीआयटी चाळ त्याच ट्रस्टची. दादर-माटुंग्याचे रुंद रस्ते, पाच बागा यांचंही मूळ तिथेच. करोनाच्या काळात त्या क्रूसांपाशी पुन्हा मेणबत्त्या लागलेल्या मी पाहिल्या.

*

मी मैलाचे दगड शोधतो. इंग्रजांच्या काळात मुंबईतली अंतरं फोर्टातल्या सेंट थॉमस चर्चपासून मोजायचे, म्हणून दगडावर त्या चर्चचं नाव आणि रोमन आकडा असतो. रस्त्यांची उंची वाढत गेली तसे हे दगड फुटपाथमध्ये रुतले, काहींचं नुसतं डोकं वर राहिलं. अलीकडे काही बाहेर काढून नीट उभे केलेत, फार चांगलं काम झालंय. शोधायला रविवारची सकाळ बरी, फेरीवाले लागायच्या आत. आणि कोपऱ्यावरच्या जुन्या दुकानदाराला जरूर विचारा, दगडावर पाय ठेवून बसणारा माणूस त्याला ठाऊक असतो. दादरपासून शीवपर्यंतच्या पट्ट्यात कुणाला असा दगड दिसला असेल तर जवळची खूण लिहा, याच रविवारी जाऊन बघतो.