खापरपणजोबांची विवाहापूर्वीची पत्रे कशी वाचावीत?

प्रश्न: माझे पती इंग्लंडमधील लीड्सचे. त्यांच्या खापरपणजोबांनी १८५८ मध्ये वाग्दत्त वधूला लिहिलेली पत्रे सापडली आहेत. परंतु आडव्या ओळींवरच उभ्या ओळी लिहिल्याने ती वाचता येत नाहीत. त्या बाईंचे माहेर कसे शोधावे?

उत्तर १: पूर्वी टपालखर्च कागदांच्या संख्येवर ठरे, म्हणून लोक एकाच कागदावर आडवे-उभे लिहीत. १८४० मध्ये वजनावर, अर्ध्या औंसाला एक पेनी असा दर झाला, तरी ही काटकसर टिकून राहिली. कागद तिरपा धरून एकाच दिशेच्या ओळी वाचाव्यात, डोळा सरावतो.

उत्तर २: विवाहनोंदीत वडिलांचे नाव व व्यवसाय, तर १८६१ च्या जनगणनेत जन्मगाव मिळेल.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. "बाबांना विचारले" एवढे काल वाचता आले, आणि मन भरून आले.