‘डार्क’ मालिकेतील गाठ शेवटी सुटते, ती नियमाने की लेखकांच्या सोयीने?

गोदाकाठ (गंगापूर रोड, नाशिक):

ज्यांनी तिन्ही पर्वे पाहिलेली नाहीत त्यांनी कृपया पुढे वाचू नये, कारण शेवटासह सर्व कथानक येथे उघड होणार आहे.

यांत्ये फ्रीझे आणि बारान बो ओडार यांची ‘डार्क’ ही विंडेन नावाच्या गावात घडणारी कालप्रवासाची जर्मन मालिका मी आणि माझ्या भाचीने या पावसाळ्यात पाहून पूर्ण केली. आवाज मूळ जर्मनच ठेवला, उपशीर्षके वाचली आणि वहीत नावे लिहीत गेलो, तेव्हा कुठे २६ भागांचा धागा हाती राहिला. पहिली दोन पर्वे एक नियम फार कठोरपणे शिकवतात: भूतकाळात जाता येते, पण तो बदलता येत नाही, कारण बदलण्याचा प्रयत्नही त्या भूतकाळात आधीच घडून गेलेला असतो. उलरिख आपला हरवलेला मुलगा मिकेल याच्या शोधात १९५३ मध्ये पोहोचतो आणि पुढे मुले पळवणारा हेल्गे लहानपणीच मरावा म्हणून त्याला दगडाने ठेचतो. हेल्गे मरत नाही, आणि म्हातारपणी त्याच्या कानाशी दिसणारा व्रण उलरिखनेच दिलेला होता हे आपल्याला कळते. ते दृश्य संपल्यावर आम्ही दोघी बराच वेळ काही बोललो नाही.

असे असताना तिसऱ्या पर्वाच्या अखेरीस जोनास आणि मार्था हे तरुण नायक-नायिका एका पुलाजवळ एक मोटार थांबवून तिचा अपघात टाळतात आणि एकमेकींचे कारण होत राहणाऱ्या घटनांची सगळी गाठ सुटते. जे दोन पर्वे अशक्य होते ते शेवटच्या तासात शक्य कसे झाले? ही लेखकांनी घेतलेली सोय नव्हे का? शिवाय कथा ज्या वर्षांत फिरते त्या १९५३, १९८६ आणि २०१९ यांच्यातील अंतर ३३ वर्षांचेच का, हेही मला नीट उमगलेले नाही.

पंचांगप्रेमी (नाशिकरोड):

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपल्या घरातील भिंतीवरच टांगलेले आहे. चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचे आणि सौर वर्ष ३६५ दिवसांचे असते, म्हणजे दरवर्षी सुमारे ११ दिवसांचा फरक पडतो. हा फरक साचत जाऊन ३३ वर्षांत जवळपास एक पूर्ण वर्ष भरते आणि चंद्र व सूर्य यांची गणिते पुन्हा एका रेषेत येतात. मालिकेने आकडा याच चक्राशी जोडला आहे. पडताळून पाहायचे असेल तर रमजान ईद पाहावी, कारण ते कालमान शुद्ध चांद्र आहे. १९५३, १९८६ आणि २०१९ या तिन्ही वर्षी ईद जूनच्या पूर्वार्धात आली होती, आणि हिजरी वर्षे होती अनुक्रमे १३७२, १४०६ आणि १४४०. दर वेळी ३३ सौर वर्षांत ३४ चांद्र वर्षे बसली.

आपण हा फरक ३३ वर्षे साचू देत नाही. एक महिन्याइतका झाला की अधिक मास धरतो, आणि तो साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी येतो. गणित तेच, फक्त वर्षांच्या जागी महिने. धोंड्याच्या महिन्यात जावयाला तेहतीस अनारशांचे वाण देण्याची रीत आहे, तेथेही हाच आकडा भेटतो, याचा मला मालिका पाहताना फार आनंद झाला होता. नाशिककरांना बारा वर्षांचा सिंहस्थ ठाऊक असतो, तो मात्र गुरूच्या भ्रमणाचा आहे. त्याची येथे गल्लत करू नये.

निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक:

पहिल्या प्रश्नाविषयी लिहितो. नियम मोडलेला नाही, परंतु त्याला एक अपवाद आहे आणि तो फार उशिरा सांगितला जातो. २७ जून २०२० रोजी विंडेनच्या अणुविद्युत केंद्रात जो प्रलय होतो त्या वेळी काळ क्षणभर थांबतो आणि कार्यकारणाची साखळी तेवढ्यापुरती तुटते. त्या क्षणी एकाच घटनेच्या दोन शक्यता एकत्र नांदू शकतात: एका शक्यतेत दुसऱ्या, समांतर जगातील मार्था येऊन जोनासला वाचवते, आणि दुसऱ्या शक्यतेत ती येतच नाही. ईव्हा, म्हणजे त्या मार्थाचेच वृद्ध रूप, ही फट गाठ टिकवण्यासाठी वापरते, तर क्लॉडिया ही कालप्रवासी तीच फट गाठ सोडवण्यासाठी वापरते. त्यामुळे शेवट तर्काला धरून आहे असे मी म्हणेन. मात्र या फटीची पुरेशी पेरणी पहिल्या दोन पर्वांत नाही, आणि प्रेक्षकाला ती आयत्या वेळी दिलेली किल्ली वाटते, ही आपली तक्रार मला रास्त वाटते.

पंचवटीतला एक वाचक:

शिक्षकांच्या उत्तरात मला एक भर घालावीशी वाटते, कारण माझ्या मते फटीपेक्षा महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे.

आमच्या घरी रामकुंडावर श्राद्ध होते तेव्हा पिता, पितामह आणि प्रपितामह अशा तीन पिढ्यांची नावे घेतली जातात, आणि तीर्थपुरोहितांच्या नामावळीच्या वह्यांत त्याही मागची नावे सापडतात. त्याच सवयीने मी जोनासची वंशावळ मांडायला बसलो. त्याचा पिता मिकेल, आजोबा उलरिख, पणजोबा ट्रोंटे आणि खापरपणजोबा म्हणजे तो निनावी माणूस, जो बालक, प्रौढ आणि वृद्ध अशा तीन रूपांत एकत्र हिंडतो. त्या निनावी माणसाचा बाप कोण, तर पुन्हा जोनासच. मराठीतले रोजच्या वापरातले नातेशब्द जिथे संपतात त्याच्या एक पायरी वर तो स्वतः उभा आहे. आणि मार्था त्याची आत्या लागते. परभाषेतील सैल शब्दामुळे ते नाते उपशीर्षकांत जरा पुसट राहते, पण ‘आत्या’ म्हटल्याबरोबर त्या दोघांच्या प्रेमाची पूर्ण भीषणता अंगावर येते. शार्लोट या आणखी एका पात्राची तर लेक एलिझाबेथ हीच तिची आई आहे.

म्हणजे गाठीच्या आत प्रत्येक गोष्टीचे कारण गाठीच्या आतच सापडते. टॅनहाउस हा घड्याळजी जे कालयंत्र घडवतो त्याचा आराखडाही त्याला क्लॉडियाच आणून देते, त्यामुळे ते यंत्र मुळात कोणी शोधलेच नाही. अशा गोष्टीतला एकही दुवा काढता येत नाही, कारण काढणारा हातही त्याच दुव्यातून आलेला असतो. संपूर्ण कथेत एकच घटना अशी आहे की जिचे कारण गाठीच्या बाहेर आहे: १९७१ मध्ये मूळ जगातील टॅनहाउसचा मुलगा, सून आणि तान्ही नात यांचा मोटार अपघातात झालेला मृत्यू. त्या दुःखातून तो १९८६ मध्ये यंत्र सुरू करतो आणि एका जगाची दोन जगे होतात. अपघात टाळता आला, कारण तो कोणत्याही चक्राचा भाग नव्हता. उलरिखला जे जमले नाही ते जोनास आणि मार्था यांना का जमले, याचे उत्तर मला यात दिसते. उलरिख गाठीच्या आत ओढत होता आणि या दोघांनी तिच्या बाहेर पाऊल ठेवले.

गोदाकाठ:

तिघांचेही मनःपूर्वक आभार. चक्राच्या आत आणि बाहेर हा भेद माझ्या लक्षात आला नव्हता, आणि तो मान्य केला की शेवट मला लबाडीचा वाटत नाही. तरीही एक अडचण उरते. मोटार थांबवणारे दोघे अपघातातूनच निर्माण झालेल्या जगांतून आले आहेत. अपघात झाला नाही तर ते दोघे नाहीत, आणि ते नसतील तर मोटार थांबवणार कोण?

निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक:

ही अडचण खरी आहे आणि मालिका तिचे सरळ उत्तर देत नाही. मला इतकेच दिसते की दोन्ही शक्यता एकत्र नांदतात हे आधी दाखवले असल्यामुळे येथेही तसेच मानावे अशी लेखकांची अपेक्षा असावी. ते दोघे कणाकणाने विरून जातात, पण त्यांनी काही केलेच नव्हते असे लेखक म्हणत नाहीत. अखेरीस मूळ जगातील जेवणाच्या प्रसंगी दिवे जातात, गाठीच्या जगात जोनासची आई असलेल्या हानाची नजर जोनास घालत असे तसल्या पिवळ्या रेनकोटवर खिळते, आणि होणाऱ्या बाळाचे नाव विचारल्यावर ती म्हणते की जोनास हे नाव तिला सुंदर वाटते. ते नाव तिला कोठून आठवले, याचा विचार मी अजून करतो आहे.