मदत हवी आहे : नवं व्हर्जन टाकल्यापासून पखवाज मागं पडायलाय (नाथषष्ठीच्या आत पाहिजे)

गंगाखेडकर
मंडळी नमस्कार, अर्जंट आहे. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन टाकलं तेव्हापासून पखवाज मागं पडायलाय. पेटी अन् गाणं बरोबर बसतंय, त्यावर पखवाज घेतला की मागं. वाजवणारा पक्का आहे, जन्म दिंडीत गेलाय त्याचा, त्याच्यावर शंका घेऊ नका. वर परत लायसन्स मागायलंय, मी तर पैसे भरून घेतलेलं आहे. मंडळाला भारुडं अन् गवळणी पेनड्राइव्हवर द्यायच्यात, पैठणला निघतील तेव्हा दिंडीच्या गाडीवर लावणार आहेत. जुन्या व्हर्जनवर परत कसं जायचं तेवढं सांगा. सॉफ्टवेअर बदला असं मात्र कुणी सांगू नका, ते मी सोडणार नाही.

मिक्सर_मास्तर
पखवाज मागे पडत असेल तर कंप्रेसर (आवाजाचे चढउतार आवरणारा इफेक्ट) लावा. रेशो ४:१, ॲटॅक ३० मिलिसेकंद ठेवा म्हणजे थाप मोकळी निघेल. २५० हर्ट्झच्या आसपास थोडं कापा, ३ किलोहर्ट्झला किंचित वाढवा. माझ्याकडे भजनाचं बरंच काम येतं, याच सेटिंगवर पखवाज पुढे येतो.

गंगाखेडकर
आवाज कमी नाही सर. ठेक्यात मागं पडायलाय. समेवर थाप उशिरा येते.

बालाघाट
कोणतं सॉफ्टवेअर, ते लिहिलंच नाही तुम्ही. आधी कोणतं व्हर्जन होतं, आता कोणतं? विंडोज की मॅक? ऑडिओ इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) कोणता, बफर (आवाज एका वेळी किती साठवून पुढे पाठवायचा तो आकडा) किती? आणि विकत कधी घेतलं होतं? एवढं सांगितल्याशिवाय कुणीच काही सांगू शकणार नाही.

गंगाखेडकर
रीपर. दुसरं काय असणार? विंडोज. बफरचं बघून सांगतो, लाइट गेलीय.

फ्रूटीवाला
म्हणूनच मी एफएल स्टुडिओ या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर आहे. एकदा पैसे भरले की जन्मभर अपडेट फुकट. कंपनी सुरुवातीपासून हा शब्द पाळत आलीय. दर काही वर्षांनी परत लायसन्स मागणाऱ्या सॉफ्टवेअरवर एवढा जीव का लावायचा?

बालाघाट
फ्रूटीवाला, जन्मभर अपडेट ही गोष्ट खरी आहे आणि चांगलीही आहे. पण अर्धंच सांगू नका. त्यांच्या सगळ्यांत स्वस्त एडिशनमध्ये माइकवरून रेकॉर्डिंगच होत नाही. पखवाज, पेटी, गाणं घ्यायचं म्हटलं की प्रोड्युसर एडिशन लागते आणि तिची किंमत रीपरपेक्षा बरीच जास्त आहे. बीट बनवणाऱ्याला एफएल उत्तम. भजनी मंडळ घेऊन बसणाऱ्याचं काम वेगळं आहे.

रीपरची सवलतीची किंमत ६० डॉलर आहे, आपल्याकडे पाच हजारांच्या आसपास जाते. घरगुती वापर असेल किंवा धंद्याची वर्षाची उलाढाल २०,००० डॉलरच्या आत असेल, तर हीच किंमत. त्याच्या वर २२५ डॉलर. सॉफ्टवेअर दोन्हीकडे तेच, एकही सोय कापलेली नाही. मराठवाड्यातला एखादा लहान स्टुडिओ त्या मर्यादेच्या बाहेर जाईल असं मला वाटत नाही.

जुगाडी_जालना
कशाला एवढं? टेलिग्रामवर सगळं मिळतंय, फुल व्हर्जन. मला मेसेज करा, लिंक देतो.

ओवी
लिंक इथे टाकू नका, प्लीज. आणि रीपरसाठी तर त्याची गरजच नाही. ६० दिवस ते पूर्णच्या पूर्ण वापरायला देतात. त्यानंतरही बंद पडत नाही, फक्त सुरू करताना आठवण करून देणारी खिडकी येते. आमच्या नांदेडच्या क्लासमधल्या मुलांना मी हेच शिकवते, की समोरच्याने विश्वासाने दार उघडं ठेवलंय, तर पैसे साठवा आणि भरा. माझ्या दोन विद्यार्थ्यांनी पहिल्या कार्यक्रमाच्या बिदागीतून लायसन्स घेतलं. मला त्याचा फार अभिमान वाटतो.

जुगाडी_जालना
बंद पडत नाही म्हणजे फुकटच झालं की.

ओवी
नाही. ६० दिवसांनंतर लायसन्स घ्यायचं, असं त्यांनी स्पष्ट लिहिलेलं आहे. कुलूप नाही म्हणून घर आपलं होत नाही.

पुणेरी_रेकॉर्डिस्ट
काम अर्धवट असताना कधीही अपडेट करू नये. मोठ्या स्टुडिओत प्रोजेक्ट डिलिव्हर होईपर्यंत मशीनला हात लावू देत नाहीत. हा पहिला नियम आहे.

गंगाखेडकर
लाइट आली. साहेब, नियम बरोबर आहे तुमचा, पण जुना लॅपटॉप बसला म्हणून नवीन घ्यावा लागला. त्यावर भाच्यानं रीपर टाकून दिलं, साइटवर जे होतं ते. आता वर ७ दिसायलंय. जुन्यावर ६ होतं. विकत घेतलं २०१७ ला, तेव्हा ५ होतं. ५ चं ६ झालं तेव्हा एक रुपया मागितला नव्हता, मग आताच का? लायसन्सची फाइल मेलमध्ये आहे, ती टाकली तरी घेईना.

बालाघाट
आता लायसन्सचं कोडं सुटलं. रीपरचं लायसन्स पुढच्या एका मोठ्या व्हर्जनपर्यंत चालतं. तुम्ही ५ वर घेतलं म्हणजे ते ६.९९ पर्यंत वैध. व्हर्जन ५ आलं ऑगस्ट २०१५ ला, ६ आलं डिसेंबर २०१९ ला आणि ७ आलं ऑक्टोबर २०२३ ला. २०१७ ला भरलेल्या पैशांत २०२३ पर्यंतचे सगळे अपडेट तुम्हाला मिळाले. ७ साठी नवं लायसन्स लागेल आणि आज घेतलं तर ते ८.९९ पर्यंत जाईल.

६ तुमच्याकडून कुणी काढून घेतलेलं नाही. जुने इन्स्टॉलर कंपनीच्या साइटवर आजही ठेवलेले आहेत. ६.८३ उतरवा, तुमची मेलमधली फाइल त्याला चालेल. इन्स्टॉल करताना पोर्टेबल इन्स्टॉलवर टिक करून वेगळ्या फोल्डरमध्ये टाका, म्हणजे ६ आणि ७ एकाच लॅपटॉपवर शेजारी शेजारी राहतील. इन्स्टॉलर २० एमबीच्या आत आहे, मोबाइलच्या नेटवरसुद्धा उतरेल.

पण ६ वर गेल्याने पखवाज जागेवर येईल असं मला वाटत नाही. नवा लॅपटॉप आलाय हे तुम्ही आत्ता सांगितलंत, मूळ गोष्ट तीच आहे. प्रेफरन्सेसमध्ये ऑडिओ, त्याखाली डिव्हाइस उघडा. वर ऑडिओ सिस्टिम काय लिहिलंय? आणि पखवाजवाल्याचा हेडफोन कशाला लावलाय?

उघडा_स्रोत
लिनक्सवर आर्डर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर वापरा. पूर्ण मुक्त सॉफ्टवेअर आहे, कुठल्या कंपनीच्या लायसन्सवर अवलंबून राहायचं कारणच उरत नाही. आज ६० डॉलर मागतात, उद्या काय मागतील कुणी पाहिलंय? केकवॉक या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरचं काय झालं आठवा. २०१७ ला मालक कंपनी गिब्सनने ते थांबवलं, वर्षानुवर्षं पैसे भरलेले लोक रात्रीत उघड्यावर आले.

बालाघाट
२०१८ ला बँडलॅब कंपनीने ते विकत घेऊन फुकट चालू केलं, तेही आठवा. आर्डरबद्दल मला आदर आहे. पण माणसाची दिंडी निघायची आहे आणि तुम्ही त्याला ऑपरेटिंग सिस्टिम बदलायला सांगताय.

उघडा_स्रोत
आत्ता नाही तर नंतर. विचार पेरून ठेवला.

मृदंगदास
माऊली, पखवाजाची डावी पुडी तपासली का? आता उन्हं तापायलीत. डाव्या पुडीवर लावलेली कणीक पंख्याखाली लवकर सुकते, मग आवाज चढतो, घुमारा जातो आणि थाप हलकी लागते. दर दोन-तीन भजनांनंतर कणीक ओली करून परत लावायची. रेकॉर्डिंगला बसताना पंखा बंद, खिडकीला ओलं पोतं. माझ्या गुरूंनी असंच शिकवलं.

मिक्सर_मास्तर
मृदंगदास, हे तुम्ही फार मोलाचं सांगितलंत. कणीक नेमकी किती घट्ट मळायची? आमच्याकडे येणारे पखवाजवादक प्रत्येक जण वेगळं सांगतात.

मृदंगदास
पोळीच्या कणकेपेक्षा सैल, पण बोटाला चिकटून ओघळेल इतकी नाही. मीठ घालू नये. उरलेली ओल्या फडक्यात ठेवायची.

गंगाखेडकर
पुडी चांगली आहे माऊली, कणीक आत्ताच लावलीय. बालाघाट भाऊ, ऑडिओ सिस्टिममध्ये डायरेक्टसाउंड लिहिलंय. माइक इंटरफेसला आहे, हेडफोन लॅपटॉपला. इंटरफेसच्या हेडफोनमधून गाणंच येईना म्हणून.

बालाघाट
सापडलं. आवाज बाहेर जातोय लॅपटॉपच्या साउंड कार्डातून आणि आत येतोय इंटरफेसमधून. दोन वेगळी यंत्रं, दोघांचा उशीर वेगळा. रेकॉर्ड केलेली थाप किती आधी सरकवायची हे रीपर ड्रायव्हरने (यंत्र चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने) सांगितलेल्या आकड्यावरून ठरवतं, आणि या जोडणीत तो आकडा भरवशाचा नसतो. पेटी आणि गाणं एका बैठकीत घेतलं असणार, म्हणून ते एकमेकांशी जुळलेलं वाटतं. पखवाज त्यांच्यावर नंतर चढवलात म्हणून तो उघडा पडला. व्हर्जन ७ चा यात काही दोष नाही.

आता असं करा. इंटरफेस ज्या कंपनीचा आहे तिच्या साइटवरून विंडोजचा ड्रायव्हर घेऊन टाका. रीपरमध्ये ऑडिओ सिस्टिम एएसआयओ (इंटरफेसशी थेट, कमी उशिराने बोलणारी पद्धत) करा, खाली त्याच ड्रायव्हरचं नाव निवडा. हेडफोन इंटरफेसला लावा, आता त्यातून गाणं येईल. बफर १२८ ठेवा. मग रेकॉर्डिंगच्या पानावर ‘ड्रायव्हरने सांगितलेली लेटन्सी (उशीर) वापरा’ अशा अर्थाची टिक आहे, ती चालू पाहिजे.

पुणेरी_रेकॉर्डिस्ट
१२८ वर लॅपटॉप कुरकुरला तर २५६ करा. ४४,१०० च्या सॅम्पल रेटला १०२४ बफर म्हणजे २३ मिलिसेकंदांचा उशीर, १२८ म्हणजे ३ च्या आत. आवाजाला हवेतून एक मीटर यायला जवळपास ३ मिलिसेकंद लागतात, दिंडीत टाळकरी पखवाजापासून याहून लांब उभे असतात. तेवढ्याने वाजवणाऱ्याचा हात अडत नाही. २३ वर मात्र चांगला वादकसुद्धा चाचपडतो.

फ्रूटीवाला
एफएलमध्येही एएसआयओच निवडावं लागतं, हे मान्य. ड्रायव्हरचा प्रश्न कुठेही येतो. पण लायसन्सवरचं माझं मत तेच आहे.

गंगाखेडकर
ड्रायव्हर टाकला. हेडफोनमध्ये आता पखवाज वाजवला की लगेच ऐकू यायलाय. पण आधी घेतलेल्या भारुडांचं काय? वाजवणारा लग्नाच्या वरातीत गेलाय, परत कधी येईल सांगता येत नाही.

बालाघाट
तीच भारुडं सरकवता येतील. प्रत्येक गाण्यात पेटी आणि पखवाज जिथे समेवर एकत्र यायला हवेत अशी एक ठळक थाप शोधा. झूम करा. थापेची वेव्ह जिथून उभी राहते तिथपासून पेटीच्या सुरापर्यंतचं अंतर मोजा आणि पखवाजाचा सगळा ट्रॅक नज करून (थोडा थोडा सरकवून) तेवढा डावीकडे घ्या. पेटीचा सूर थापेसारखा टोकदार सुरू होत नाही, म्हणून शेवटचा निर्णय कानाने करा. सुरुवातीला क्लिक (ठेक्याची टिकटिक) दिली असेल आणि पखवाजवाल्याने तिच्यावर चार थापा मारल्या असतील तर सोनं, मग क्लिकवरूनच मोजा.

एक काळजी घ्या. दोन वेगळ्या यंत्रांची घड्याळं तंतोतंत चालत नाहीत. सुरुवात जुळली म्हणून समाधान मानू नका, भारूड संपतं तिथेही तपासा. शेवटी परत सुटलं असेल तर मध्ये एका निःशब्द जागी ट्रॅक तोडून पुढचा भाग वेगळा सरकवा. थापांच्या मध्ये ताणू नका, डाव्या पुडीचा घुमारा बिघडतो.

आणि हे सगळं प्रोजेक्टची कॉपी काढून त्या कॉपीवर करा.

ओवी
दादा, ७ मध्ये सेव्ह केलेला प्रोजेक्ट ६ मध्ये उघडायचा असेल तर एक सांगते. फाइल साधी टेक्स्ट असते, ६ मध्ये उघडेल, पण ७ मधल्या नव्या गोष्टी, म्हणजे ट्रॅकच्या लेन (एकाच ट्रॅकमधल्या टेकच्या रांगा) किंवा एफएक्स कंटेनर (इफेक्ट एकत्र ठेवायचा डबा) वापरले असतील तर ते जसेच्या तसे मिळणार नाहीत. फोल्डरमध्ये आरपीपी-बॅक नावाने आधीची प्रत असते, तीही पाहा. ती दर सेव्हला बदलते, म्हणून आत्ताच उचलून बाजूला ठेवा.

खरं सांगू का, काम संपेपर्यंत ६ वर राहिलात तरी काही अडत नाही. पण ७ मधलं स्वाइप कॉम्पिंग मला फार आवडलं. एकाच कडव्याचे चार-पाच टेक घेतले की प्रत्येकातला चांगला तुकडा माऊसने ओढून निवडायचा. लहान मुलांचं गाणं घेताना त्याने माझा जीव वाचतो.

जुगाडी_जालना
ऑडॅसिटीमध्ये पण सरकवता येतं. फुकट आहे, लायसन्सची भानगडच नाही.

गंगाखेडकर
मंडळी, बसलं. ट्रॅक सरकवला अन् पखवाज समेवर आला. एक लांब भारूड शेवटाला थोडं सुटत होतं, ते मध्ये तोडून घेतलं, कळतसुद्धा नाही. बालाघाट भाऊ, लै उपकार झाले.

६.८३ बाजूला टाकून ठेवलंय, जुनी फाइल त्यानं घेतली. पण मी ७ चे पैसे भरणार आहे. २०१७ ला ४ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर यानंच काम दिलं, त्यावरच आमच्या भागातली किती भजनी मंडळं रेकॉर्ड झाली. त्याच्या जिवावर मी चार पैसे कमावले. सहा वर्षांनी पाच हजार मागतात ते मला जड नाहीत. कार्डानं भरायला गेलो तर नाकारायलंय, त्याला काय करू?

ओवी
बँकेच्या ॲपमध्ये कार्डाच्या सेटिंगमध्ये जा, परदेशी व्यवहार बंद असेल. तो ऑनलाइनसाठी चालू करा, मर्यादा टाका, पैसे भरून झाले की परत बंद करा. लायसन्सची फाइल मेलवर येते, ती पेनड्राइव्हवरही ठेवा.

टाळकरी_परभणी
माझा पण प्रश्न इथेच विचारतो. पखवाजाच्या माइकमध्ये टाळ लै घुसायलाय. काय करावं?

मृदंगदास
टाळकरी मागे बसवा.

बालाघाट
माइक कोणता, किती, आणि सगळे एकाच खोलीत बसता का, ते आधी सांगा. नवीन धागा काढलात तर बरं.