निर्वासिताच्या दाव्याला पुरावा कुणाचा धरायचा?

टिळकवाडीचा विद्यार्थी:
मूट कोर्टला, म्हणजे कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या सरावाच्या कोर्टाला, खटला आलाय. काबूलची एक शिक्षिका, ऑगस्ट 2021 मध्ये तालिबान सत्तेवर आल्यानंतर देश सोडलेली, आश्रय मागतेय. भारतानं 1951 चा निर्वासित करार स्वीकारलेला नाही, म्हणून दिल्लीत अफगाणांचे अर्ज यूएनएचसीआर, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची संस्था, तपासते. माझं मत: संयुक्त राष्ट्रांचे आणि सरकारी अहवाल तेवढे जोडावेत. स्वयंसेवी संस्था, पेपर बाजूला. पटत नसेल तर बोला.

खानापूरकर वकील:
सरकारी म्हणजे खरं, हे बेळगावात राहून म्हणतोस? बेळगाव कर्नाटकातच ठेवा म्हणणारा 1967 चा महाजन अहवालही सरकारी आयोगाचाच की. आपल्या घरात तो कुणी मानला? आणि शेजारच्या कन्नड मित्राला विचार, तो त्यालाच शेवटचा शब्द म्हणेल. अमेरिकी परराष्ट्र खात्याचे वार्षिक मानवी हक्क अहवाल बघ. 2024 सालचा अहवाल ऑगस्ट 2025 मध्ये आला तो आधीच्यापेक्षा कितीतरी आखूड. खातं तेच, सरकार बदललं.

निपाणीच्या बाई:
महाजनची उपमा लंगडी आहे, वकीलसाहेब. ती सीमा कुठं असावी याची शिफारस होती. इथं प्रश्न घडलं काय, हा आहे. शिफारस अमान्य करता येते. डिसेंबर 2022 ला मुलींना विद्यापीठाची दारं बंद झाली, हे कसं अमान्य करणार?

खानापूरकर वकील:
बरं, तेवढं मान्य. पण मग कोण म्हणतंय यापेक्षा त्याला कळलं कसं, ते बघा. शिकत असताना मी मूटला पाच अहवाल जोडून ऐटीत उभा राहिलो. समोरच्या पोरीनं तळटिपा उघडून दाखवल्या: पाचही एकाच बातमीवर उभे. साक्षीदार एकच, पाच वेळा उठून बोललेला. घाम फुटला होता.

टिळकवाडीचा विद्यार्थी:
असा संशय घेत बसलो तर दाखल काय करू? संस्थावाले परदेशात बसून फोनवर मुलाखती घेतात. त्यापेक्षा अफगाणिस्तानातल्या मानवी हक्कांवर अहवाल देणारे संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक रिचर्ड बेनेट बरे.

निपाणीच्या बाई:
बेनेटना तालिबाननं 2024 मध्ये देशात यायलाच बंदी घातली. आता तेही बाहेरूनच विचारपूस करतात. म्हणून त्यांचं लिहिणं खोटं ठरतं का? मग संस्थांना वेगळा न्याय कशाला?
आणि बायकांची तिथली अवस्था सिद्ध करण्यात पानं घालवू नकोस. युरोपीय संघाच्या न्यायालयानं 4 ऑक्टोबर 2024 ला सांगितलंय की अर्जदार अफगाण आहे आणि स्त्री आहे, एवढं पाहून निर्णय देता येतो. तुझी शिक्षिका मात्र म्हणते, अमुक शाळेत धमकी आली. ती शाळा कुठल्याच जाडजूड अहवालात सापडायची नाही. तिथं तू बाजूला ठेवलेला स्थानिक पेपरच लागेल, तारखेसकट.

हल्याळवाला:
आमच्याजवळ मुंडगोडला तिबेटी वसाहत आहे, 1966 पासूनची. सरकारनं ठरवलं, जमीन दिली. तळटिपा कुणी मोजल्या नाहीत. ही कसरत नेमकी कुणाच्या वाट्याला येते, तेही लिही.

टिळकवाडीचा विद्यार्थी:
ते मूटमध्ये बसणार नाही, हल्याळवाले. बेनेटचं मला ठाऊक नव्हतं. पेपर घेतो, पण दुसरीकडून दुजोरा मिळाला तरच. सरकारी अहवाल मात्र सोडत नाही. न्यायाधीश तेच आधी उघडतात.

खानापूरकर वकील:
उघडू देत. तळटिपा तू आधी उघडून ठेव.