ऑनलाइन लेखनाचा कोर्स : वाट्याला नेमकं काय येतं? (अनुभव धागा)

नमस्कार मंडळी. भाचीने बारावीनंतर एका अमेरिकी कॉलेजच्या ऑनलाइन लेखन-कोर्सला प्रवेश घेतलाय. तीन क्रेडिट (क्रेडिट म्हणजे अभ्यासाच्या भाराचं माप), ऑगस्टात सुरू. घरात सगळ्यांचं एकच म्हणणं : घरबसल्या निबंध तर लिहायचेत, त्यात काय एवढं! दोन वर्षांपूर्वी असाच कोर्स करताना तिसऱ्या आठवड्यात मी सोडायच्या गोष्टी करत होतो, म्हणून हा धागा. ज्यांनी केलाय त्यांनी बिनधास्त लिहा. कॉलेजची नावं नकोत.

सुरुवात माझ्यापासून. पहिला निबंध आपल्या नाशिकच्या गोदावरीच्या पात्रातल्या काँक्रीटवर लिहिला. आपली शाळेतली सवय, त्यामुळे उघडला थेट ‘प्राचीन काळापासून’ने. मग रामायण, पंचवटी, दर 12 वर्षांनी येणारा सिंहस्थ, सगळं यथासांग. 800 शब्द झाले, मी खूश. परत आला तेव्हा तिसऱ्या परिच्छेदाचं शेवटचं वाक्य पिवळं केलेलं होतं : काँक्रीटमुळे कुंडांचे झरे बुजले, तर नदीला स्वतःचं पाणी उरेल का? शेजारी बाईंची एकच ओळ : ‘इथून सुरू करा.’ वरचे अडीच परिच्छेद गेले. दोन दिवस बाईंचा राग होता. तिसऱ्या दिवशी खोडले आणि मग लिहायला मजा आली. एकाच निबंधाचे तीन खर्डे होतात आणि गुण सुधारण्यालाही असतात, हे आधी कोणी सांगितलं नव्हतं.

इंदिरानगरहून

वेळेचं आधी बघा. माझं कॉलेज अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं, मुदत रविवारी रात्री 11:59. म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे सोमवारी सकाळी 10:29. डबे भरून, मुलाला व्हॅनमध्ये बसवून, शांतपणे शेवटचा हात फिरवायचा, असं मस्त बसलं होतं. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडे घड्याळं एक तास पुढे गेली. मला काय कल्पना! सोमवारी 10:05 ला अपलोड करायला गेले तर खिडकी बंद. मुदत 9:29 ला संपली होती. उशिराचे 10 टक्के गुण कापले गेले. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी याच्या उलट होतं.

निफाड तालुक्यातून

आमची द्राक्षबाग आहे. मी परदेशी वगैरे नाही, ‘स्वयं’ या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरचा, एनपीटीईएलचा (आयआयटींच्या ऑनलाइन उपक्रमाचा) 12 आठवड्यांचा कोर्स केला. जानेवारी ते एप्रिलचं सत्र, म्हणजे बरोब्बर काढणीचा हंगाम. व्यापाऱ्याची गाडी पहाटे दारात उभी असताना गृहपाठ कोण करणार? पण तिथे 12 पैकी सर्वांत चांगले 8 गृहपाठ धरतात, त्याचे 25 टक्के आणि परीक्षेचे 75. माझे तीन आठवडे बागेत गेले तरी निभावलं. परीक्षा मात्र केंद्रावर जाऊन द्यावी लागते, ती घरबसल्या नाही.

एक पदरचं सांगतो. व्हिडिओ ऐकून कळल्यासारखं वाटतं, पण हात वळत नाही. मी रोज रात्री एक पान लिहायचो, विषय काहीही. एकदा नुसतं क्रेट कसे रचतात ते लिहिलं. वाचून वडील म्हणाले, ‘खाली कागद टाकायचं राहिलं की रे.’ एवढा नेमका शेरा मला कोर्समध्येसुद्धा मिळाला नाही.

पंचवटीहून

दुसऱ्यांचे निबंध वाचून अभिप्राय द्यावे लागतात, त्याचेही गुण असतात. ‘छान लिहिलंय, पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा)’ चालत नाही! कुठे अडखळलात, कोणता दावा पटला नाही, ते लिहायचं. मला आधी फार जड गेलं, समोरच्याला वाईट वाटेल म्हणून. बुधवारपर्यंत आपली पोस्ट आणि रविवारपर्यंत दोघांना उत्तरं, हे चक्र शेवटपर्यंत चालतं.

सिडकोहून

माझा निबंध मशीनकडून, म्हणजे एआयकडून, लिहून घेतल्याचा संशय आला होता. कॉलेजचं नाव सांगत नाही. रात्रीची झोप उडाली. वाचलो ते गूगल डॉक्समुळे. त्यात जुन्या आवृत्त्यांचा इतिहास राहतो. कोणत्या दिवशी किती वाजता कोणतं वाक्य लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, सगळं दाखवलं. तरी निकाल लागायला 11 दिवस गेले. त्यामुळे दुसरीकडे लिहून शेवटी पेस्ट करू नका, पहिल्या ओळीपासून तिथेच लिहा.

तसंच ते साम्याच्या टक्केवारीचं भूत, म्हणजे निबंध इतर मजकुराशी किती जुळतो ते सांगणारा आकडा. एकदा माझं 34 टक्के आलं आणि पोटात गोळा. उघडून बघितलं तर अवतरणं आणि शेवटची संदर्भयादी रंगवलेली. सरांनी ते वगळून पाहिलं आणि विषय संपला. आकडा म्हणजे चोरी नव्हे, पण अवतरणचिन्हं विसरलात तर मग ती चोरीच दिसते.

कॉलेज रोडहून

मी पलीकडच्या बाजूची, म्हणजे तपासणारी. एका बॅचला 60 मुलं. एका निबंधाला 20 मिनिटं धरली तरी 20 तास होतात, आणि पुढच्या आठवड्यात नवे 60 येतात. त्यामुळे शेरे तुटक असतात, त्यात राग नसतो. ‘काही समजलं नाही’ असा मेल आला तर मलाही समजत नाही काय सांगावं. ‘दुसऱ्या परिच्छेदात उदाहरण आधी घेऊ की दावा?’ असं विचारलं तर दोन मिनिटांत उत्तर देते. रुब्रिक, म्हणजे गुण कशाला किती ते सांगणारा तक्ता, निबंध लिहायच्या आधी वाचा हो. निम्मी मुलं गुण आल्यावर उघडतात.

सातपूरहून

शिफ्ट सांभाळून केला. तीन क्रेडिट म्हणजे आठवड्याला साधारण 9 तास, तेही 15 आठवड्यांच्या सत्रात. मी हौसेने आठ आठवड्यांचा घेतला, तिथे तेच काम जवळपास दुप्पट वेगाने करायचं. सोडला. पुढच्या सत्रात लांबचा घेतला, झाला.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. भाचीला वाचायला दिलं. रुब्रिक, खर्डे, आवृत्त्यांचा इतिहास, सगळ्यावर हूं हूं करत गेली आणि इंदिरानगरच्या ताईंपाशी थांबली. ‘मामा, म्हणजे नोव्हेंबरात मला एक तास फुकट मिळणार?’ भिंतीवरच्या कॅलेंडरवर पहिल्या रविवारभोवती गोल करून मोकळी. पहिला निबंध कशावर, ते अजून ठरलेलं नाही.