इंग्लंड: सेकंडरी शाळेचं कॅचमेंट बदलतंय, कन्सल्टेशनमध्ये नेमकं काय लिहायचं?

पालक_दोघांची

नमस्कार मंडळी. आमच्या कौन्सिलने सेकंडरी शाळांच्या कॅचमेंटची (ज्या भागातल्या मुलांना त्या शाळेत प्राधान्य मिळतं त्या भागाची) हद्द बदलायचा प्रस्ताव काढलाय. सप्टेंबर २०२८ च्या प्रवेशापासून आमचा रस्ता जुन्या शाळेतून काढून दुसऱ्या शाळेला जोडणार. मुलगा जुन्याच शाळेत इयर ८ ला आहे, मुलगी इयर ५ ला. त्यावरचं कन्सल्टेशन, म्हणजे लोकांची मतं मागवणं, ३१ जानेवारीला बंद होतंय.

आम्ही व्हिसावर आणि भाड्याच्या घरात, तर आमचं मत धरतात का? फॉर्मवर ‘सहमत / असहमत’ आणि खाली एक रिकामा चौकोन आहे. त्यात काय लिहिलं तर त्याची दखल घ्यावीच लागेल? आणि आसपासची पंधरा-वीस घरं मिळून सह्यांचं एकच पत्र द्यायचं घाटतंय. ते बरं, की ज्याने त्याने वेगळं लिहावं?

नकाशे_आणि_नियम

मत धरतात. कन्सल्टेशनचा मतदार यादीशी, व्हिसाशी किंवा घराच्या मालकीशी काही संबंध नाही. स्कूल ॲडमिशन्स कोड (शाळाप्रवेशाचे सरकारी नियम; सध्याचा २०२१ चा) २ ते १८ वयाच्या मुलांच्या पालकांना विचारायलाच सांगतो. म्हणजे नर्सरीतल्या मुलांच्या आईवडिलांनीही लिहावं. हद्द एकदा हलली की सहसा बरीच वर्षं तिथेच राहते.

तारखा आधी डोक्यात पक्क्या करा. २०२८ च्या प्रवेशासाठी कन्सल्टेशन १ ऑक्टोबर २०२६ ते ३१ जानेवारी २०२७ या काळात किमान ६ आठवडे चालायला हवं. नियम २८ फेब्रुवारी २०२७ पर्यंत कायम व्हायला हवेत, १५ मार्चपर्यंत वेबसाइटवर यायला हवेत, आणि त्यांच्यावर हरकत घ्यायची मुदत १५ मे. तुमच्या मुलीचा अर्ज ३१ ऑक्टोबर २०२७ पर्यंत, शाळा कळणार १ मार्च २०२८ ला. बरेच पालक या शेवटच्या तारखेला जागे होतात. तेव्हा हातात फक्त आपल्या एका मुलाचं अपील उरतं, आणि अपील पॅनेल हद्द बदलून देत नाही.

६ आठवड्यांत ख्रिसमसची सुट्टी आली असेल तर तेही लिहा. एवढ्यावर कन्सल्टेशन बेकायदा ठरणार नाही, पण नोंद राहते. ब्रेंटमधल्या शाळा बंद करण्यावरून झालेल्या १९८५ च्या गनिंग खटल्यापासून कोर्टं चार गोष्टी बघतात: प्रस्ताव अजून कच्चा असताना विचारलं का, विचार करून उत्तर देता येईल इतकी कारणं दिली का, वेळ पुरेसा दिला का, आणि आलेल्या मतांचा मनापासून विचार झाला का. सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये हॅरिंगे कौन्सिलच्या प्रकरणात याच कसोट्या मान्य केल्या. त्यामुळे प्रस्तावात कुठे ‘हद्द बदलली जाईल’ अशी ठरून गेल्यासारखी भाषा असेल, तर पान क्रमांकासह ते वाक्य तुमच्या उत्तरात उतरवा.

पत्राबद्दल: सह्यांचं एकच पत्र बहुतेक ठिकाणी एक प्रतिसाद किंवा एक पिटिशन म्हणून नोंदवतात आणि अहवालात त्याची एक ओळ होते. एकच मजकूर वीस जणांनी चिकटवला तरी तेच. प्रत्येक घराने आपल्या दारापासूनचं अंतर, वाटेतला रस्ता, आपल्या मुलांची वर्षं घालून स्वतंत्र लिहिलं तर ते वेगळे प्रतिसाद म्हणून धरले जाण्याची शक्यता जास्त. पिटिशन हवी तर जोडीला द्या, बदल्यात नको.

सह्याद्री_ते_मिडलँड्स

नकाशाकडे सगळे बघतात, पण पाणी मुरतं ते प्राधान्यक्रमात. शाळा भरली की जागा कोणाला, याची उतरंड प्रत्येक शाळेच्या प्रवेश नियमांत असते. ज्यांच्या ईएचसी प्लॅनमध्ये (विशेष शैक्षणिक गरजा असलेल्या मुलांची अधिकृत योजना) त्या शाळेचं नाव आहे त्यांना घ्यावंच लागतं. मग कौन्सिलच्या देखभालीखाली असलेली किंवा पूर्वी असलेली मुलं. त्यापुढे मात्र प्रत्येक शाळेचं वेगळं: कुठे ‘भावंडं’, कुठे ‘कॅचमेंटमधली भावंडं’, मग कॅचमेंट, मग कॅचमेंटबाहेरची भावंडं, शेवटी अंतर.

तुमच्यासाठी सगळं या एका शब्दावर अडलंय. मुलगा सप्टेंबर २०२८ ला इयर १० मध्ये, म्हणजे शाळेतच असेल. नियमात नुसतं ‘भावंडं’ असेल तर मुलीला जुनी शाळा मिळण्याची शक्यता बरीच आहे. ‘कॅचमेंटमधली भावंडं’ असेल तर ती एकदम दोन पायऱ्या खाली घसरते. म्हणून चौकोनात नुसता विरोध लिहू नका, नियमात घालायचं वाक्यच लिहून द्या. उदाहरणार्थ: ‘ज्या मुलाचं मोठं भावंड हद्द बदलण्यापूर्वी या शाळेत दाखल झालं, प्रवेशाच्या वेळी अजून शाळेत आहे, आणि कुटुंबाचा पत्ता तोच आहे, त्याला कॅचमेंटमधल्या भावंडाइतकंच प्राधान्य.’ अशी सवलत अनेक ठिकाणी दिली जाते आणि ती कौन्सिलला झेपते, कारण दरवर्षी त्या मुलांची संख्या कमी होत जाते. मूळ प्रस्ताव तसाच पुढे गेला तरी ही एक गोष्ट पदरात पडू शकते. सगळ्यात जास्त जोर मी इथेच लावला असता.

आता आकडे. समजा नव्या शाळेचा पॅन, म्हणजे एका वर्षी घ्यायच्या मुलांची ठरलेली संख्या, १८० आहे आणि नव्या हद्दीत इयर ५ ची २३० मुलं आहेत. त्यातली ४० ग्रामर (परीक्षा घेऊन प्रवेश देणाऱ्या), चर्चच्या किंवा खासगी शाळेत जातील असं कौन्सिलने धरलं, तर उरतात १९०. म्हणजे कॅचमेंटमध्ये असूनही १० मुलांना जागा नाही. ती कोणती? शाळेपासून सर्वांत लांबची, म्हणजे रेघेला लागून राहणारी. तुमचा रस्ता नव्याने जोडलेला, तेव्हा बहुधा तोच. ४० ऐवजी २५ च मुलं बाहेर गेली, तर २५ जण लटकतात. ही मुलं जुन्या शाळेच्या हद्दीतही नसतात, त्यामुळे ना इकडची ना तिकडची होऊन गावाच्या पलीकडच्या, जागा शिल्लक असलेल्या तिसऱ्या शाळेत जातात. तो ‘४०’ कुठून आला, हा प्रश्न लेखी विचाराच.

आकडे प्रस्तावात नसतील तर माहिती अधिकाराखाली मागा: मागच्या ३ वर्षांत प्रत्येक हद्दीत त्या वयाची मुलं किती, त्यातल्या किती जणांनी ही शाळा पहिल्या पसंतीला टाकली, शेवटची जागा किती अंतरावर गेली, आणि नव्या गृहप्रकल्पांतून किती मुलं धरलीत. उत्तराला २० कामाचे दिवस मिळतात, म्हणजे अर्ज डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच जायला हवा.

शिवाय रेघ जमिनीवर नक्की कुठून जाते तेही बघा. रस्त्याच्या मधोमध ओढली की सम क्रमांकाची घरं एका शाळेला, विषम दुसऱ्या. कोपऱ्यावरच्या फ्लॅटचं दार एका रस्त्यावर आणि पत्ता दुसऱ्या. नव्या एस्टेटचे पोस्टकोड कौन्सिलच्या ऑनलाइन तपासणीत पुष्कळदा सापडतच नाहीत. कॅचमेंट ‘वाजवी आणि स्पष्ट आखलेलं’ हवं असं कोड म्हणतो, तेव्हा फक्त नकाशाच्या चित्रावर समाधान मानू नका, पत्त्यांची यादी मागा. हद्द रेल्वेलाईन किंवा मोठ्या रस्त्यावरून न्यावी असा पर्याय नकाशावर काढून दिलात, तर ‘असा पर्याय कोणी सुचवलाच नाही’ असं त्यांना म्हणता येणार नाही.

बसपास

वाहतुकीचं कोणी लिहिलं नाही, आणि तिथे फार लोक फसतात. मोफत वाहतुकीचा कायदेशीर हक्क कॅचमेंटच्या शाळेसाठी नाही. तो जागा उपलब्ध असलेल्या सर्वांत जवळच्या योग्य शाळेसाठी आहे. ८ ते १६ वयाला अंतर ३ मैलांपेक्षा जास्त हवं, आणि ते सर्वांत जवळच्या पायवाटेने मोजतात. वाट सुरक्षित आहे का हे ठरवताना गरज पडल्यास मोठं माणूस सोबत आहे असं धरतात, त्यामुळे ‘अंधारात एकटी कशी जाईल’ हा मुद्दा तिथे टिकत नाही; फुटपाथ नसलेला वेगवान रस्ता टिकतो.

आता तुमचं घर नव्या शाळेच्या कॅचमेंटमध्ये गेलं, पण जुनी शाळाच जवळ राहिली असं होऊ शकतं. अशा वेळी काही कौन्सिली स्वतःच्या धोरणाने कॅचमेंटच्या शाळेलाही बस देतात, काही देत नाहीत. प्रवेशाचं आणि वाहतुकीचं धोरण ही दोन वेगळी कागदपत्रं असतात. फॉर्ममध्ये सरळ विचारा: ‘आमच्या पत्त्यावरून नव्या शाळेला मोफत बस मिळेल का, आणि किती वर्षं?’ कमी उत्पन्नाच्या, निकषांत बसणाऱ्या कुटुंबांच्या ११ ते १६ वयाच्या मुलांना जवळच्या ३ शाळांपैकी २ ते ६ मैलांवरच्या शाळेसाठी वेगळा हक्क आहे. तुम्हाला लागू नसला तरी शेजाऱ्यांना असू शकतो.

पालक_दोघांची

फार उपयोगी, सगळ्यांचे आभार. एक नवीन कळलं: जुनी शाळा कौन्सिलची आहे, पण नवी शाळा अकादमी आहे, म्हणजे कौन्सिलऐवजी ट्रस्ट चालवते ती. याने काही फरक पडतो का?

नकाशे_आणि_नियम

मोठा फरक पडतो. कम्युनिटी आणि व्हॉलंटरी कंट्रोल्ड शाळांचे प्रवेश नियम कौन्सिल ठरवते. अकादमीचे नियम तिची ट्रस्ट ठरवते, आणि फाउंडेशन किंवा व्हॉलंटरी एडेड शाळेचे तिची गव्हर्निंग बॉडी. कौन्सिल जुन्या शाळेतून तुमचा रस्ता काढू शकते, अकादमीत घालू शकत नाही. त्यासाठी ट्रस्टने याच काळात आपलं वेगळं कन्सल्टेशन काढायला हवं. ते निघालं नसेल तर २०२८ ला तुमचा रस्ता कोणत्याच शाळेच्या कॅचमेंटमध्ये नसेल. अकादमीच्या वेबसाइटवरचे सध्याचे प्रवेश नियम आणि प्रस्तावित नियम दोन्ही आज उतरवून ठेवा, आणि दोन्हीकडे उत्तर द्या. कौन्सिलच्या फॉर्मवर हाच प्रश्न सगळ्यात वर लिहा.

२८ फेब्रुवारीनंतर नियम तसेच कायम झाले तर १५ मे २०२७ पर्यंत ऑफिस ऑफ द स्कूल्स ॲडज्युडिकेटरकडे (प्रवेश नियमांवरच्या हरकतींचा निवाडा करणारं स्वतंत्र कार्यालय) हरकत. नाव-पत्ता द्यावा लागतो, निनावी घेत नाहीत; नाव इतरांना कळवू नका अशी विनंती करता येते. फी नाही, वकील लागत नाही. ‘आम्हाला गैरसोयीचं आहे’ हा तिथे मुद्दा होत नाही. नियम न्याय्य, स्पष्ट आणि वस्तुनिष्ठ नाहीत किंवा हद्द वाजवी नाही, हे कोडच्या परिच्छेद क्रमांकासह दाखवायचं, कॅचमेंटसाठी १.१४ बघा. पॅन वाढवल्याबद्दल हरकत चालत नाही, कमी केल्याबद्दल चालते. निर्णय शाळेवर बंधनकारक असतो. पण एकाच शाळेबाबत ज्या मुद्द्यावर निर्णय झाला, तोच मुद्दा पुढची २ वर्षं परत घेत नाहीत. म्हणून दोन-तीन घरांनी घाईने अर्धवट हरकती टाकण्यापेक्षा आकडे हातात आल्यावर, मेच्या पहिल्या आठवड्यात, सगळे मुद्दे असलेली एक नीट हरकत द्या. तुमचं जानेवारीतलं उत्तर आणि त्यावर कौन्सिलने अहवालात काय म्हटलं ते पान तिला जोडा.