मंदिराचा मंडप की क्लब हाऊस?

सी-302: मतदारयादीचं काम बघणाऱ्या बीएलओ मॅडम आपल्या सोसायटीत मतदान केंद्रासाठी जागा बघून गेल्या. क्लब हाऊस त्यांना अडचणीचं वाटलं. गणपती मंदिराचा सभामंडप देऊया का? ऐसपैस आहे, पंखे आहेत.

ए-104: मंडप नको. मंदिर, मशीद, चर्च, तसंच पोलीस ठाणं आणि हॉस्पिटल, इथे मतदान केंद्र करायचं नाही, अशी निवडणूक आयोगाची सूचनाच आहे. प्रस्ताव वरून परत येईल.

बी-501: मंडप गाभाऱ्याबाहेर आहे हो. पडदा लावू मध्ये.

ए-104: काका, पडद्याने चपलांचा प्रश्न सुटत नाही. एका केंद्रावर हजार-बाराशे मतदार. चपला काढायला लावल्या तर रांग खोळंबते, नाही लावल्या तर इथे भांडण. मतदान पथक आदल्या दिवशीच मुक्कामाला येतं, तिथेच जेवतं, झोपतं. कुणाच्या डब्यात अंडाकरी निघाली की पहिला मेसेज तुमचाच. आणि दुसऱ्या धर्माच्या मतदाराला घंटेखालून आत जायला का लावायचं?

डी-203 (न्यू जर्सी): अमेरिकेत चर्चच्या हॉलमध्ये सर्रास मतदान होतं. आमच्या राज्यात 100 फुटांच्या आत प्रचार बंद, एवढंच. फ्लोरिडात 2006 च्या मतदानावरून एका मतदाराने दावा लावला होता. चर्चमध्ये क्रूस, आवारात गर्भपातविरोधी फलक. 2007 मध्ये कोर्टाने तो मान्य केला नाही.

ए-104: तिकडे फलक चालला. आपल्याकडे चिन्ह छापलेली टोपीसुद्धा 100 मीटरच्या आत चालत नाही. म्हणजे डी विंगच्या गॅलऱ्यांतले पक्षाचे झेंडेही उतरवायचे. पक्षांची टेबलंही 100 मीटरच्या बाहेर. क्लब हाऊसच्या दारावरची आमदार निधीची पाटी कागद चिकटवून झाका.

सेक्रेटरी: क्लब हाऊस 24 बाय 14 फूट आहे. पुरेल?

ए-104: पुरेल. किमान 20 चौ.मी. लागतात, म्हणजे साधारण 215 चौ. फूट. कॅरम आणि टीटी टेबल मात्र बाहेर काढा. खरी अडचण दोन पायऱ्यांची आहे. फूटभर उंची, म्हणजे 1:12 उताराने 12 फुटांचा रॅम्प हवा. प्लायवूडची फळी टाकलीत तर व्हीलचेअर उलटेल.

सी-302: मशीन कुठे ठेवायचं?

ए-104: मांडणी पथक करतं, पण जागा आपण मोकळी ठेवायची. मशीनची केबल साधारण 5 मीटर असते आणि ती मतदारांच्या पायात येता कामा नये. मतदान कक्ष, म्हणजे बटण दाबायचा आडोसा, खिडकीसमोर नको, बाहेरून दिसतं. व्हीव्हीपॅटवर, म्हणजे मताची चिठ्ठी दाखवणाऱ्या मशीनवर, थेट ट्यूब किंवा ऊन पडलं तर मशीन एरर देतं, म्हणून कोपऱ्यातली ट्यूब बंद करता यायला हवी. आणि जिमकडचा सीसीटीव्ही कक्षाकडे बघतोय, तो आधी फिरवा.

बी-501: बाहेरच्या चाळीतले लोकही आत येणार का?

ए-104: यादीत नाव असलेला प्रत्येकजण येणार. गेटवर अ‍ॅपमध्ये नोंद, फ्लॅट नंबर, ओटीपी काही नाही. वॉचमनला लेखी द्या. मतदान सकाळी 7 ला असेल तर 90 मिनिटं आधी मॉक पोल, म्हणजे चाचणी मतदान असतं, निदान 50 मतांचं. उमेदवारांचे पोलिंग एजंट सव्वापाचलाच दारात उभे राहतील.

सी-302: संध्याकाळची आरती?

ए-104: माईकशिवाय करा. 6 वाजता रांगेत असलेल्यांना चिठ्ठ्या देतात, ते संपेपर्यंत मतदान चालू राहतं.

बी-501: सोसायटीने जागा द्यायची नाही असं ठरवलं तर?

ए-104: 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 160 खाली जागा ताब्यात घेता येते, 161 खाली मोबदला मिळतो.

सेक्रेटरी: उद्या सकाळी सुताराला बोलावतो. हॉलची दुसरी किल्ली कुणाकडे आहे?